तांबडी शाई

अध्यापक विद्यालयात आमच्या पाठाचं निरीक्षण करायचा एक कागद असायचा. प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, प्रश्नकौशल्य, फलकलेखन... आणि खाली एक रकाना – वर्गनियंत्रण. दहा गुण. आम्ही सगळे छात्राध्यापक या दहा गुणांना लई भ्यायचो. बाकीचं पाठ करून जमायचं. टाचण आदल्या रात्री कुणाचंही उतरवता यायचं. पण समोरची चाळीस पोरं आपलं ऐकतील का नाही, हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नसायचं.

या दहा गुणांपायी मी काय केलं ते सांगायचंय. चांगलं केलं ते नंतर. आधी वाईट.

१९८३ सालची गोष्ट. मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. १९७८च्या जुलैत विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, तेव्हा मी नववीत होतो. म्हणजे आमची पिढी कशावर पोसली ते तुम्हाला सांगायला नको. वसतिगृहात 'अस्मितादर्श'चे अंक हातोहात फिरायचे. 'बलुतं' मी एका रात्रीत वाचून काढलं होतं. सभेत बोलायला उभा राहिलो की टाळ्या पडायच्या. मला वाटायचं, आपण वर्गात नुसते जाऊन उभे राहिलो तरी क्रांती होईल. दोस्तहो, आज हसू येतं. तेव्हा खरंच वाटायचं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर छात्रसेवाकाल लागला. म्हणजे खऱ्या शाळेत राहून शिकवायचं. मला बीड जिल्ह्यातलं एक गाव मिळालं. सातवीपर्यंतची शाळा. मुख्याध्यापकांनी विचारलं, "पूर्ण नाव?" मी सांगितलं. "नाही, आडनाव." तेही सांगितलं. "बरं बरं." या 'बरं बरं'चा अर्थ संध्याकाळी कळला. गावात मला खोली मिळाली नाही. मी बौद्धवाड्यात एका म्हातारीच्या घरी राहिलो. तिचा नातू सहावीत होता. मला वर्गही सहावीचाच मिळाला.

वर्गशिक्षकांना घरच्या कामासाठी रजा पाहिजे होती. आयता माणूस मिळाला. त्यांनी तीन वस्तू माझ्या हातात दिल्या : हजेरीपट, खडूची पेटी आणि छडी. म्हणाले, "पोरं वांड आहेत. पहिल्याच दिवशी दाखवा. मग महिनाभर बघायला नको."

मी मनात म्हटलं, छडी? आणि मी? बाबासाहेबांचं नाव घेणारा माणूस?

पट त्रेचाळीसचा. मुली नऊ. पहिला तास भूगोलाचा. नकाशा लावला, महाराष्ट्रातल्या नद्या काढल्या. हेतुकथन केलं. "आज आपण नद्यांचा अभ्यास करू." मागून कुणीतरी माझ्याच आवाजात म्हणालं, "आज आपन नद्यांत पोहू." वर्ग फिस्स करून हसला. मी परत बोलायला लागलो. परत तसंच. करणारा कोण ते मला दिसत होतं. तिसऱ्या रांगेतला, पाटलाच्या घरचा. त्याच्या आजूबाजूला त्याचे दोघे-तिघे. मी घामानं भिजलो. खडू मोडला. दारातून मुख्याध्यापक डोकावून गेले.

आणि मी छडी उचलली.

कुणाला मारली? पाटलाच्या पोराला नाही. म्हातारीच्या नातवाला. तो फक्त हसला होता, सगळे हसले तसा. "हात पुढं कर." दोन मारल्या. जोरात मारल्या.

वर्ग चिडीचूप.

दुसऱ्या दिवशी अध्यापक विद्यालयातले निरीक्षक सर पाठ बघायला आले. पोरं पुतळ्यासारखी बसली होती. सरांनी कागदावर लिहिलं : 'वर्गावर उत्तम ताबा. १० पैकी ८.'

पण त्या कागदाआधी एक रात्र गेली होती, ती सांगायची राहिली. रात्री म्हातारीनं मला भाकरी वाढली. नातवाला म्हणाली, "गुर्जीला पानी दी." त्यानं तांब्या डाव्या हातानं धरून आणला. उजवा तळवा सुजला होता. म्हातारी म्हणाली, "हाताला काय झालं रं?" पोरगं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणालं, "पडलो." माझी लाज त्यानं झाकली. अकरा वर्षांच्या पोरानं.

भाकरी घशाखाली उतरली नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. भूक लागली होती. मी खाल्ली. झोप मात्र लागली नाही. पडल्या पडल्या एकच विचार. माझा हात त्याच्यावरच का उचलला गेला? पाटलाच्या पोरावर का नाही? उत्तर सोपं होतं. पाटलाच्या पोराला मारलं असतं तर दुपारपर्यंत पाटील शाळेत आला असता. म्हातारी कुठं येणार होती? हातानं हिशेब केला होता. जिथून उलटून काही येणार नाही, तिथंच तो पडला होता. गाव आपल्याशी पिढ्यान् पिढ्या जो हिशेब करत आलं, तोच. भाषणात मी याच हिशेबावर बोलायचो आणि टाळ्या घ्यायचो.

तरी दुसऱ्या दिवशी निरीक्षणाचा पाठ त्या शांततेवरच निभावून नेला. आठ गुण खिशात घातले. तिसऱ्या दिवशी वर्गात म्हणालो, "परवा ह्यानं काही केलं नव्हतं. मी चुकून मारलं. माझं चुकलं." छडी नकाशांच्या मागं कपाटात ठेवली.

तुम्हाला वाटेल, मग वर्ग माझा झाला. नाही झाला. पोरांनी हेरलं, हा गुर्जी मारत नाही. चार दिवस नुसता बाजार. मी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. त्या चार दिवसांत मी काहीच शिकवलं नाही. पण बघायला लागलो. आधी मी फक्त मला बघत होतो. मी कसा उभा राहतो, माझं अक्षर कसं येतं. आता पोरं दिसायला लागली.

पहिली गोष्ट दिसली ती ही, की सकाळी वर्ग कोण झाडतं. रोज तीच तीन पोरं. दोन आपल्या वाड्यातली आणि एक मांगवाड्यातली पोरगी. कुणी सांगितलेलं नव्हतं. कुठं लिहिलेलंही नव्हतं. ती आली की आपोआप केरसुणी धरत आणि बाकीची बाहेर खेळत.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. साताऱ्याच्या शाळेत त्यांना बसायला घरून गोणपाट न्यावं लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. शिपाई नसला की प्यायला पाणी नाही. १९००च्या नोव्हेंबरात ते त्या शाळेत दाखल झाले. मी उभा होतो १९८३ साली. गोणपाट गेलं होतं. पोरं एका बस्करावर बसत होती. पण केरसुणी कुणाच्या हातात, ते ठरलेलंच होतं.

मी ठरवलं, आपण स्वतःपासून सुरुवात करायची. दुसऱ्या दिवशी लवकर गेलो आणि स्वतः वर्ग झाडला. वाटलं, पोरं चकित होतील. कुणालाच काही वाटलं नाही. एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, "आज गुर्जीची पाळी हाय जणू." गावाच्या हिशेबानं ते माझंच काम होतं! बामणाच्या मास्तरानं केरसुणी धरली असती तर गावात बोलबाला झाला असता. मी धरली, तर ती धरलेलीच होती.

मग मी हजेरीपटाच्या क्रमांकानं पाळ्या लावल्या. रोज चौघं. कागद दाराला चिकटवला. पहिल्या दिवशीची चौघं आली आणि नुसती उभी राहिली. मी काही बोललो नाही. नेहमीची तीन पोरं पुढं झाली, त्यांना थांबवलं. कचऱ्यातच बसून शिकलो. दुसऱ्या दिवशी तसंच. मुख्याध्यापक म्हणाले, "कशाला उगी? गावात कुजबुज होईल." मी म्हटलं, "क्रमांकानं आहे सर. हजेरीपट शाळेचाच आहे." तिसऱ्या दिवशी माळ्याच्या एका पोरानं खाकरून केरसुणी उचलली. त्याच्या मागं कुंभाराच्या पोरानं. नेहमीची तिघं दारात उभं राहून बघत होती. त्यांना हात कुठं ठेवावे ते कळत नव्हतं.

मी खूश झालो. आणि खूश झालो की माणूस आंधळा होतो.

त्याच आठवड्यात निबंध दिला. आत्मवृत्त. फाटक्या पुस्तकाचं, जुन्या छत्रीचं, नदीचं, किंवा तुमच्या मनानं कशाचंही. वह्या गोळा करून रात्री चिमणीच्या उजेडात तपासायला बसलो. नवीन पेन घेतलं होतं, तांबड्या शाईचं. गुरुजी झाल्याची तीच तर खूण. बहुतेकांनी गाईडातली छत्री उतरवली होती. सुबक होत्या. सात, साडेसात देत गेलो.

मग मांगवाड्यातल्या त्या पोरीची वही आली. तिनं केरसुणीचं आत्मवृत्त लिहिलं होतं. मला आठवतं तसं लिहितो :

'मी केरसुनी हाय. मला मायनं शिंदीच्या पानाची केली. पानं आनायला माय वढ्याला जाती. तिचे हात कापत्यात. माय मला इकायला नेती तवा पायरीखाली उबी ऱ्हाती. दिवाळीला मला पाटावर ठिवत्यात. हाळद कुकू लावत्यात. मला लक्षिमी म्हनत्यात. माय पायरीखालीच असती. मला वाटतं मीबी मायसंगं भाईर ऱ्हावं.'

इथं नवीन काय सांगायचं? महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाला केरसुणी पुजतात आणि ती करतात मातंग. सगळ्यांना माहीत आहे. पण पायरीच्या वर केरसुणी आणि पायरीच्या खाली तिला वळणारी, हे कुणी मला असं दाखवलं नव्हतं.

आणि मी काय केलं? 'हाय'ला गोल. 'केरसुनी'ला गोल. 'वढ्याला'ला गोल, 'तवा'ला गोल, 'लक्षिमी'ला गोल. पान तांबडं झालं. खाली लिहिलं : 'भाषा अशुद्ध. पुन्हा लिही.' दहापैकी तीन. आणि पुढची वही घेतली.

'बलुतं' वाचून "ही आमची भाषा, आता ही छापून येणार" असं वसतिगृहात ओरडणारा तो मीच. चौथीत माझ्या 'न्हाई'ला एका गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर हसू केलं होतं, तोही मीच.

पोरगी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही. मला वाटलं, तापबिप असेल. म्हातारीच्या नातवानं सांगितलं, "गुर्जी, ती म्हनली मी येत नसते आता. समदंच चुकतं."

तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

संध्याकाळी मांगवाड्यात निघालो. म्हातारी म्हणाली, "तिकडं कशाला जाता? पोराला धाडा, बोलवून आनंल. आन् पानीबिनी पिऊ नगा." भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्यांच्याखाली बसून ती हे बोलली. १९५६ साली धर्मांतर झालं. हिच्या घरातले देव गेले. एवढी एक गोष्ट मात्र कोनाड्यात राहून गेली. मी तिला बोललो नाही. कारण खरं सांगू? तिनं सांगायच्या आधी हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. पाणी दिलं तर काय करायचं?

पोरीची आई अंगणात केरसुण्या बांधत होती. मला बघून उठली, पदर घेतला. "या गुर्जी." पोरगी आत पळाली. मी म्हटलं, "शाळेत का येत नाही?" आईनं हात थांबवले नाहीत. पान घट्ट ओढून गाठ मारली. मग म्हणाली, "ती म्हनती, म्या लिव्हलं ते चुकलं. गुर्जीनं तांबडं केलं. मला काय वाचता येत न्हाई. तिनं वाचून दावलं. गुर्जी, तिनं लिव्हलं ते खोटं हाय का?"

"नाही. खरं आहे."

"मंग तांबडं कशापायी?"

अध्यापक विद्यालयात दोन वर्षं मानसशास्त्र शिकलो. अध्यापनाच्या पद्धती शिकलो. या एका प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. मी म्हटलं, "माझं चुकलं. तिला पाठवा." तिनं तांब्या पुढं केला. मी पाणी प्यालो. यात शौर्य काही नाही. तिनं दिलं, मी प्यालो. एवढंच, की त्याआधी एक क्षण हात थबकला होता. तो मला अजून आठवतो.

पोरगी आली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, "तू लिहिलेलं मी फळ्यावर लिहू का?" ती म्हणाली, "नाव नका सांगू." ठीक आहे म्हटलं. फळ्यावर तिची तीन वाक्यं लिहिली, तिच्याच भाषेत, पांढऱ्या खडूनं. आणि विचारलं, "हे चूक का बरोबर?"

वर्गाचा मॉनिटर उठला. "चूक. 'हाय' नाही, 'आहे' पाहिजे."

"ते झालं. गोष्ट चूक का बरोबर?"

वर्ग गप्प. ही शांतता छडीच्या शांततेपेक्षा निराळी होती. मग तिसऱ्या रांगेतून पाटलाचा पोरगा बोलला, "बरोबर हाय. आमच्यात ती पायरीखालीच असती." त्याला लाज वाटली असं मी लिहिणार नाही. त्यानं बघितलं होतं ते सांगितलं. पण सांगितलं. मग कुंभाराचं पोरगं उठलं. "आमचा बा माठ घिऊन जातो, त्याला पैसं देत न्हाईत, सुगीला बगू म्हनत्यात." मग वडाराची पोरगी. मग म्हातारीचा नातू. एकदम चार-चार जण बोलायला लागले. कुणाचं कुणाला ऐकू येईना. मी फळ्यावर मध्ये रेघ ओढली. एका बाजूला 'घरात असं बोलतो', दुसऱ्या बाजूला 'पेपरात असं लिहितो'. पोरं सांगत होती, मी दोन्हीकडं लिहीत होतो. शुद्ध-अशुद्ध हे शब्द कुठंच लिहिले नाहीत. वाक्यं पलीकडच्या बाजूला गेली, पण गोष्ट तीच राहिली.

दारात निरीक्षक सर उभे होते. कधी आले कळलंच नाही. कागदावर त्यांनी लिहिलं : 'वर्गात गोंधळ. विवेचन टाचणाबाहेर. वर्गनियंत्रण १० पैकी ४.'

ज्या दिवशी निरपराध पोराला मारलेल्या छडीची भीती वर्गात बसली होती, त्या दिवशीचे आठ. ज्या दिवशी पोरं बोलली, त्या दिवशीचे चार. दोन्ही कागद मी पुष्कळ वर्षं जपून ठेवले होते.

एक गोष्ट तुम्हा कार्यकर्त्यांसाठी स्पष्ट करतो. आपल्या पोरांना प्रमाणभाषा शिकवू नये असं माझं म्हणणं नाही. ती शिकवलीच पाहिजे, कसून शिकवली पाहिजे. कचेरीतला अर्ज, न्यायालयातला कागद, परीक्षेचा पेपर 'हाय'वर चालत नाही. बाबासाहेबांनी दुसऱ्यांची भाषा त्या भाषेच्या मालकांपेक्षा चांगली लिहिली. प्रश्न क्रमाचा आहे. आधी पोरानं काय सांगितलं ते ऐकायचं, मग कसं लिहायचं ते दाखवायचं. मी उलटं केलं. ऐकलंच नाही. सरळ पुसलं.

पुढं कधीतरी मुक्ता साळवेचा निबंध वाचनात आला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मांगाची पोर. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिनं निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला. वाचताना मला घाम फुटला. त्या शाळेत तिची वही माझ्यासारख्याच्या हातात पडली असती तर? आणि अण्णाभाऊ. शाळा कशी ती त्यांना जेमतेम दीड दिवस माहीत. त्यांनी 'फकिरा' १९५९ साली बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. मांगवाड्यातनं ती लेखणी ओळखली गेली होती. आपल्या वाड्यातनं आपण त्यांची किती ओळखली? जयंतीच्या वर्गणीपलीकडं?

वर्गशिक्षक रजेवरून आले. कपाटातून छडी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. मी निघालो तेव्हा दारावरचा पाळ्यांचा कागद जागेवर होता. पुढं किती दिवस राहिला माहीत नाही.

आठ वर्षांनी, १९९१ साली, दिवाळीच्या आदल्या बाजारात त्या पोरीची आई भेटली. केरसुण्या घेऊन बसली होती. तिनंच ओळखलं. पोरीचं विचारलं. "सातवीनंतर हायस्कूल लांब. लगीन केलं. नवऱ्यासंगं ऊसतोडीला जाती." मी गप्प राहिलो. एक केरसुणी विकत घेतली. ती पैसे घेत नव्हती, मी दिले.

तेव्हा माझ्या हातून क्रांतीबिंती काही झाली नाही. एक पोरगी आठवडाभर शाळेत थोडी ताठ बसली असेल. त्रेचाळीस पोरांनी एकदा एकमेकांचं ऐकलं असेल. बदललो तो मीच. २०२२ साली निवृत्त होईपर्यंत मी तांबड्या शाईचं पेन परत हातात धरलं नाही. पेन्सिलीनं तपासायचो. आधी खरं वाक्य शोधून त्याच्याखाली रेघ, मग बाकीचं. शाळातपासणीत शेरा यायचा, 'वह्या तांबड्या शाईने तपासल्या नाहीत.' मी सही करायचो.

आज छडीला कायद्यानं बंदी आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ला झाला, १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्यात मारायला बंदी आहे आणि मानसिक छळालाही आहे. पण वहीच्या पानावर कुणी काय पुसलं, ते कुठला तपासनीस मोजणार? ते ज्याच्या हातात पेन आहे त्यानंच मोजायचं.

तुमच्यातले पुष्कळजण मास्तर होतील. होताय ते चांगलंच आहे. पहिल्या दिवशी वर्गात शिराल तेव्हा दोन गोष्टी बघा. वर्ग कोण झाडतं. आणि तुमचा हात कुणावर उचलायला निघतो.

बाकीचं टाचणात असतं.